नाव काढणे

पहिल्या काही मिनिटांत वाद्यवृंदाने कान बधिर होतील असा कल्लोळ केलेला असतो. तो ओसरू लागतो आणि रंगमंचावर कुठेच न दिसणारा एक पियानो ऐकू येतो. तो मंचामागे ठेवलेला आहे. शेजारच्या घरात संध्याकाळी कुणीतरी स्वतःशीच वाजवत बसावे तशी एक जुन्या वळणाची टँगोची धून तिकडून येते. समोरची व्हायोलिने तिच्याभोवती हळू आवाजात रेंगाळतात. थोड्याच वेळात तो कल्लोळ पुन्हा उसळतो आणि धून बुडून जाते.

१५ मार्च १९९० रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने डॅनिएल बारेनबॉइम यांच्या संचालनाखाली ही रचना प्रथम सादर केली. जॉन कोरिलियानो या अमेरिकी संगीतकाराची ही पहिली सिंफनी. तेव्हा त्यांचे वय बावन्न होते आणि ते त्या वाद्यवृंदाचे निवासी संगीतकार होते. मंचामागून येणारी धून त्यांची स्वतःची नव्हे. ती इसाक अल्बेनिझ या स्पॅनिश संगीतकाराची, १८९० च्या सुमाराची. पुढे लिओपोल्ड गोडोव्स्की या पियानोवादकाने तिला नवे, अधिक नटवे रूप दिले. हे रूप कोरिलियानोंच्या एका पियानोवादक मित्राचे विशेष आवडते होते आणि सिंफनीचा पहिला भाग या मित्रासाठी आहे. म्हणजे स्पेनमधली एक धून दुसऱ्याच्या हातून बदलून तिसऱ्याच्या बोटांत आली आणि त्याची आठवण म्हणून चौथ्याने ती आपल्या सिंफनीत मंचामागे ठेवली. भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला हा प्रवास ओळखीचा वाटतो. मूळ कुठले, असे कुणी विचारले तर प्रत्येक टप्प्यावर वेगळे उत्तर द्यावे लागेल.

हा मित्र आणि सिंफनीत आठवलेले इतर मित्र एकाच आजाराने गेले किंवा त्या आजाराने जाण्याच्या वाटेवर होते. तो आजार एड्स. ही सिंफनी कशातून आली हे समजायला आधी दहा वर्षे मागे जावे लागते.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात एक छोटी नोंद छापली गेली. लॉस एंजेलिसमध्ये पाच तरुण समलिंगी पुरुषांना एक विरळा न्यूमोनिया झाला होता आणि एरवी धडधाकट माणसाला तो होत नसे. वर्षभराने, सप्टेंबर १९८२ मध्ये, आजाराला एड्स हे नाव मिळाले. पुढच्याच महिन्यात व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत एका वार्ताहराने या आजाराविषयी प्रश्न विचारला, तेव्हा खोलीत हशा पिकला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे या विषयावरचे पहिले मोठे भाषण ३१ मे १९८७ ला झाले. त्या वर्षाअखेर अमेरिकेतल्या मृतांचा आकडा वीस हजारांवर गेला होता.

या वीस हजारांपैकी अनेकांच्या मृत्यूच्या बातमीत आजाराचे नाव नसे. ‘दीर्घ आजाराने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’ असे लिहिण्याची सोय आपल्या वर्तमानपत्रांत आहे तशीच तिकडेही आहे. आईवडिलांची आणि भावंडांची नावे छापली जात. दहा-पंधरा वर्षे बरोबर राहिलेल्या, आजारपणात उशाशी बसलेल्या जोडीदाराचे नाव मात्र गळलेले असे. काही अंत्यसंस्कार संस्था पार्थिव हाताळायला नकार देत. काही घरांनी मुलाचे नाव घेणेच सोडून दिले. माणूस गेल्यावर त्याचा शोक करायची जी नेहमीची साधने असतात, म्हणजे बातमी, दफन, दगडावर कोरलेले नाव, ती या माणसांना मिळेनाशी झाली होती.

यातून निघालेले एक उत्तर कापडाचे होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हार्वी मिल्क यांच्या हत्येच्या स्मरणार्थ मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने लोकांना सांगितले, की एड्सने गेलेल्या आपापल्या माणसांची नावे पुठ्ठ्यांवर लिहा. मिरवणुकीनंतर ते पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले गेले. त्या ठिगळाठिगळांच्या भिंतीकडे पाहून जोन्स यांना गोधडी आठवली. पुढे त्यातून प्रत्येक मृतासाठी एक कापडी पट्टी शिवायची कल्पना निघाली. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, साधारण एका कबरीएवढी. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ही गोधडी प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १९२० पट्ट्या होत्या. वर्षभराने ती वॉशिंग्टनला पुन्हा आली, तेव्हा पट्ट्या आठ हजारांवर गेल्या होत्या. गोधडी उलगडत असताना ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव वाचले जाई.

गोधडी हा शब्द मी विचार करून वापरते आहे. ‘क्विल्ट’ला मराठीत रजई किंवा दुलईही म्हणता येईल. पण दुलई विकत आणतात. गोधडी घरातल्या माणसांच्या अंगावरच्या कपड्यांतून होते. आजीचे लुगडे, आईची विटलेली साडी, धाकट्याचा फाटका सदरा. ज्याचे कापड त्याचा स्पर्श आणि वास घेऊन ती पुढच्या माणसाच्या अंगावर येते. वॉशिंग्टनच्या पट्ट्यांवरही मृतांच्या जीन्स, टाय, टीशर्ट, लहानपणीची खेळणी शिवलेली होती. शिवणारे आईवडील होते, जोडीदार होते, कधी परिचारिका होत्या. शिवणकाम पूर्वी न केलेले हातही त्यात होते आणि त्यांचे टाके वेडेवाकडे होते.

कोरिलियानोंनी ही गोधडी पाहिली. आपण गमावलेल्या आणि गमावत असलेल्या मित्रांचे असेच स्मारक संगीतात करावे असे तेव्हा मनात आल्याचे त्यांनी सिंफनीच्या टिपणात नोंदवले आहे. सिंफनी हा मोठ्या आवाक्याचा, प्रतिष्ठेचा प्रकार आणि तोवर त्यांनी तो टाळला होता. गोधडी पाहिल्यावर आशयच तेवढा मोठा झाला.

जवळच्या माणसासाठी वाद्यवृंदाची रचना करण्याचा अनुभव त्यांना आधी होता. त्यांचे वडील, त्यांचेही नाव जॉन, १९४३ ते १९६६ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. कंडक्टरच्या डाव्या हाताची पहिली खुर्ची त्यांची. १९७५ साली ते गेले. त्यानंतर दोन वर्षांनी मुलाचा क्लॅरिनेट कन्चेर्तो त्याच वाद्यवृंदाने, लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली सादर केला. त्याचा मधला संथ भाग वडिलांसाठीचा विलाप आहे. त्यात क्लॅरिनेट ज्याच्याशी बोलते ते व्हायोलिन पहिल्या खुर्चीचे आहे. खुर्ची तीच, माणूस दुसरा. आजूबाजूला बसलेल्यांपैकी अनेकांनी वडिलांबरोबर वर्षानुवर्षे वाजवलेले होते. त्या संध्याकाळी ही रचना कुणासाठी आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

वडिलांच्या बाबतीत हे सोपे होते. त्यांना खुर्ची होती, नाव होते, सभागृहाला त्यांची ओळख होती. मित्रांपैकी अनेकांना यातले काहीही नव्हते.

सिंफनी चार भागांची आणि सुमारे चाळीस मिनिटांची आहे. पहिल्या भागाचे नाव ‘ऑफ रेज अँड रिमेंबरन्स’, म्हणजे रोष आणि स्मरण यांविषयी. सुरुवातीला तंतुवाद्ये एकच स्वर धरतात. पाश्चात्त्य स्वरलिपीत त्याला ‘ए’ म्हणतात. वाद्यवृंद कार्यक्रमाआधी याच स्वरावर वाद्ये जुळवतो, आपल्याकडे सा लावून घेतात तसा. इथे तो जुळवणीचा शांत स्वर राहत नाही. मोकळ्या तारेचा तो सानुनासिक आवाज वाढत वाढत असह्य होतो आणि सबंध वाद्यवृंद त्यावर कोसळतो. हा रोष आणि मंचामागच्या पियानोभोवतीचे स्मरण पहिल्या भागात आळीपाळीने येत राहतात. त्यांचा समेट होत नाही.

दुसरा भाग तारांतेला. दक्षिण इटलीतले हे वेगवान लोकनृत्य. विषारी कोळी चावल्यावर चढणारे वेड नाचून उतरते, अशी त्याच्यामागची जुनी समजूत. कोरिलियानोंनी १९७० मध्ये मित्रांना वाजवायला म्हणून चार हातांच्या पियानोसाठी काही हलकीफुलकी नृत्ये लिहिली होती आणि त्यातली शेवटची तारांतेला संगीतव्यवसायातल्या एका मित्राला अर्पण केली होती. हा मित्र हजरजबाबी, बुद्धिमान म्हणून त्या वर्तुळात प्रसिद्ध होता. पुढे एड्सने त्याच्या मेंदूवर आघात केला आणि त्याला वेड लागले. सिंफनीत तीच जुनी खेळकर तारांतेला परत येते. ती नीट सुरू होते, मग घसरते, भलत्याच स्वरांत भरकटते, क्षणभर शुद्धीवर येते, पुन्हा भरकटते. बरे वाटण्याचे मधले क्षण येतात आणि ऐकणाऱ्याला खोटी आशा लावतात. शेवटी चाल उरत नाही, किंकाळी उरते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सोबत ज्यांनी केली आहे, त्यांना हे मधले शुद्धीचे क्षण फार जवळून माहीत असतील.

तिसऱ्या भागाचे नाव ‘जूलिओचे गाणे’. जूलिओ हा कॉलेजपासूनचा मित्र, हौसेने चेलो वाजवणारा. आठवणी चाळताना कोरिलियानोंना १९६२ सालची एक टेप सापडली. तिच्यात दोघे मित्र चेलो आणि पियानोवर सुचेल ते वाजवत बसलेले होते, ते नेहमी बसत तसे. त्या वादनातल्या जूलिओच्या सुरावटीतून तिसऱ्या भागाची धून आली आणि ती एकट्या चेलोला दिली गेली. खालून बारा स्वरांची एक मालिका सावकाश फिरत राहते. थोड्या वेळाने दुसरा चेलो सामील होतो. तो जूलिओच्या गुरूचा. गुरूही याच आजाराने गेले होते.

मग आणखी मित्र येतात. एकेका वाद्याला एकेक छोटी सुरावट मिळते, ती दुसरीत गुंफली जाते आणि माणसे जमत जावीत तशी दाटी होते. या सुरावटी करण्याची रीत मला या सगळ्या रचनेचे मर्म वाटते. कोरिलियानोंनी विल्यम हॉफमन यांना एक काम सांगितले. हॉफमन नाटककार, एड्सवरचे पहिल्या काही नाटकांपैकी एक, ‘अ‍ॅज इज’, त्यांनी १९८५ मध्ये लिहिले होते. त्यांनी या मित्रांविषयी छोटी छोटी वाक्ये लिहून द्यायची. ती वाक्ये कोरिलियानोंनी, जणू कुणी गाणार आहे अशा रीतीने, स्वरबद्ध केली. मग शब्द काढून टाकले. राहिलेले स्वर वाद्यांना दिले आणि सिंफनीत विणले.

शब्द काढल्यावर राहते काय? मराठी हाकेचे उदाहरण घेऊ. अंगणातून कुणी ‘वसंताऽऽ’ अशी हाक मारली, तर पहिली दोन अक्षरे घाईने जातात, शेवटचे लांबते आणि वर चढते. भिंतीपलीकडून शब्द कळला नाही तरी हाक आहे हे कळते. ज्याचे नाव तो तर उठून बसतोच. ‘फार हसवायचा तो’ हे वाक्य आपण एका विशिष्ट उतारावर संपवतो. त्यातले शब्द पुसले तर तो उतार राहतो, लांबी राहते, कुठे थांबलो ते राहते. सिंफनीत हेच राहिले आहे. बोलण्याचा आकार आहे, बोलणे नाही.

भाषांतरात आम्ही नेमके याच्या उलट करतो. मूळ भाषेचा नाद सोडावा लागतो आणि अर्थ जमेल तितका पलीकडे न्यावा लागतो. नाद गेल्याची खंत सगळ्याच भाषांतरकारांना असते. इथे एका माणसाने अर्थ ठरवून मागे ठेवला आणि नाद पुढे नेला. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला त्याचे कौतुक वाटले. दुसऱ्यांदा वाचताना शंका आली. नावे गाळणे, कारण न सांगणे, ‘दीर्घ आजाराने’ म्हणून मोकळे होणे हाच ज्या काळाचा मोठा अपराध होता, त्या काळात मृत मित्रांविषयीचे शब्द पुसून टाकणे म्हणजे वर्तमानपत्रांनी केले तेच करणे नव्हे का?

या शंकेचे उत्तर शोधताना मला आपल्याकडची तीच वर्षे आठवावी लागली.

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ मध्ये मद्रासला मिळाला. डॉ. सुनीती सॉलोमन मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घरातल्या. त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी सुमारे शंभर वेश्यांचे रक्तनमुने गोळा केले आणि ते तपासायला वेल्लोरला नेले. सहा नमुन्यांत विषाणूची खूण सापडली. पुढे अमेरिकेतल्या चाचणीतही तेच निघाले. हा आजार पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे तो येणार नाही, या समजुतीला त्या दिवशी तडा गेला. सॉलोमन यांनी पुढचे आयुष्य याच कामाला वाहिले. १९९३ मध्ये त्यांनी चेन्नईत वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने, उपचार आणि संशोधनाचे केंद्र काढले. २०१५ मध्ये त्या गेल्या. इतिहासात संशोधकांची नावे राहिली. त्या सहा स्त्रिया मात्र ‘सहा नमुने’ म्हणूनच राहिल्या.

गोव्यात याच्या उलट घडले. कोरिलियानो सिंफनी लिहीत होते त्याच काळात, फेब्रुवारी १९८९ मध्ये, डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. तो नियमित रक्तदान करी आणि अशाच एका दानानंतर त्याचे रक्त बाधित निघाले. त्याला स्वतःला निदान नीट कळण्याआधीच बंदिवास मिळाला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. त्यानुसार त्याला क्षयरुग्णांसाठीच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याची आई लुसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेली. डॉमिनिकची सुटका झाली, पण १९९० च्या निकालात न्यायालयाने शासनाचा तो अधिकार वैधच ठरवला. बाहेर आल्यावर डॉमिनिकने लपायचे नाकारले. आपल्यासारख्या इतरांसाठी त्याने संघटना उभी केली आणि मे १९९२ मध्ये तो गेला. त्याचे नाव साऱ्या गोव्याला माहीत झाले होते. ते त्याला विचारून कुणी जाहीर केले नव्हते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नावाचा प्रश्न तितकासा सरळ राहत नाही. मद्रासच्या त्या स्त्रियांची नावे नोंदीत नाहीत ही उपेक्षा आहे खरी. पण तेव्हा ती छापली गेली असती तर त्यांचे काय झाले असते, हे डॉमिनिकच्या उदाहरणावरून दिसते. २०१७ च्या भारतीय कायद्यानेही रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई केली आहे. वॉशिंग्टनच्या गोधडीतही सगळ्याच पट्ट्यांवर पूर्ण नावे नव्हती. कुठे फक्त पाळण्यातले नाव, कुठे आद्याक्षरे. नाव घेणे आणि नाव झाकणे या दोन्हींत माया असू शकते आणि दोन्हींत क्रौर्यही असू शकते. ते कोण करते आणि कुणाच्या वतीने करते, यावर ते ठरते.

आता सिंफनीकडे परत येऊ. कोरिलियानोंनी आजाराचे नाव लपवलेले नव्हते. ही रचना एड्सने नेलेल्या मित्रांसाठी आहे हे त्यांनी कार्यक्रमपत्रिकेतल्या टिपणातच लिहिले. शिकागोच्या प्रतिष्ठित सभागृहात, वर्गणीदार श्रोत्यांसमोर, १९९० साली हे छापले जाणे ही साधी गोष्ट नव्हती. झाकलेले राहिले ते प्रत्येक मित्राविषयीचे खासगी वाक्य. ते वाक्य कुणा एकाचे होते आणि ते मोठ्याने सांगायचे की नाही हे ठरवायला तो आता नव्हता. स्वर मात्र सगळ्यांना ऐकवता येत होते.

त्यातही त्यांनी ही गोष्ट इथेच सोडली नाही. १९९१ मध्ये त्यांनी तिसऱ्या भागातल्या सामग्रीवरून समलिंगी पुरुषांच्या गायनवृंदांसाठी एक रचना केली आणि तिला सिंफनीच्या पहिल्या भागाचेच नाव दिले. तिच्यात हॉफमन यांचे शब्द परत आले. शिवाय गाणाऱ्यांनी आपापल्या गेलेल्या माणसांची नावे त्यात घ्यायची, अशी योजना केली. म्हणजे ही रचना जिथे जिथे गायली जाईल तिथे नावांची यादी वेगळी असेल. गायनवृंदातल्या पुरुषांनी स्वतःच मित्र गमावलेले होते. कुणाचे नाव घ्यायचे, कुणाचे मनातच ठेवायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे होते. शब्द काढण्याचा आणि परत ठेवण्याचा हा दुहेरी व्यवहार पाहिल्यावर माझी शंका बरीचशी मिटली.

मराठीत ‘नाव काढणे’ याचे अर्थ तरी किती आहेत. पोराने बापाचे नाव काढले म्हणजे लौकिक वाढवला. ‘त्याचे नाव काढू नकोस’ म्हणजे उल्लेख करू नकोस. रेशनकार्डावरून नाव काढले म्हणजे खोडले. जिवंतपणी घराने ज्यांचे नाव काढायचे सोडले आणि मेल्यावर यादीतून काढून टाकले, त्यांचे नाव या सिंफनीने काढले. तिन्ही अर्थ एकाच शब्दात मावतात. या वाक्याचे इंग्रजी भाषांतर मला अजून जमलेले नाही.

सिंफनीला यश पुष्कळ मिळाले. १९९१ चा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला, बारेनबॉइम यांचे ध्वनिमुद्रण गाजले, इतर देशांतल्या वाद्यवृंदांनीही ती वाजवली. ती फार भावविवश आहे, फार मोठ्या आवाजात बोलते, असेही काही जणांनी म्हटले. शोकसंगीत संयत असावे ही अपेक्षा आपल्याकडेही असते. पण वृद्ध वडिलांच्या मृत्यूनंतरचा शोक आणि तिशी-चाळिशीतले मित्र एकामागून एक जात असतानाचा शोक एकाच पट्टीत बसत नाही. १९७७ चा विलाप संयतच आहे. १९९० च्या सिंफनीला संयम परवडणारा नव्हता. ती लिहिली गेली तेव्हा मरण थांबलेले नव्हते. आजार आटोक्यात ठेवणारी औषधांची जोडयोजना १९९६ मध्ये आली. गोधडी शिवायला सुरुवात केलेल्यांपैकी अनेकांची पट्टी पुढे त्याच गोधडीत दुसऱ्यांनी शिवली.

आज त्या गोधडीत सुमारे पन्नास हजार पट्ट्या आहेत आणि ती सॅन फ्रान्सिस्कोत जतन केलेली आहे. तिचे वजन पन्नास टनांहून अधिक भरते. एवढी मोठी वस्तू एकाच वेळी सगळी अंथरणे कठीण झाले आहे. सिंफनीला मात्र दरवेळी पहिल्यापासून उलगडावे लागते. शंभरेक माणसे लागतात, मंचामागे एक पियानो लागतो आणि दोन चांगले चेलोवादक लागतात. ती वाजवणाऱ्या तरुण वादकांपैकी बहुतेकांचा जन्म १९९६ नंतरचा असतो. त्यांच्या दृष्टीने हा इतिहास आहे. शब्द नसलेल्या रचनेबरोबर कार्यक्रमपत्रिकेतले ते पानभर टिपण गेले नाही तर श्रोत्याला भीषण आणि सुंदर आवाज ऐकू येतील, माणसे ऐकू येणार नाहीत. म्हणून ते टिपण प्रत्येक भाषेत असले पाहिजे, असे मला वाटते. ते काम आमचे.

चौथा भाग छोटा आहे. पितळी वाद्ये वाद्यवृंदाला वेढून बसवलेली असतात आणि त्यांचे स्वर मधून दोन्ही टोकांकडे लाटांसारखे सरकतात. समुद्राच्या लाटा कोरिलियानोंना कालातीततेची खूण वाटतात. त्या लाटांवर मंचामागचा टँगो पुन्हा येतो, तारांतेलाची चाल येते, आता तिच्यात वेड नाही. जूलिओचा आणि त्याच्या गुरूचा चेलो येतात. शेवटी एकटा चेलो उरतो. त्याच्याकडे सुरुवातीचाच ‘ए’ आहे, पण आता तो हळू आहे, आणखी हळू होत जातो.

१९६२ च्या टेपवर या चेलोबरोबर एक पियानोही होता. तो वाजवणारा चोवीस वर्षांचा तरुण म्हणजे कोरिलियानो. सिंफनीत त्यांनी जूलिओच्या चेलोला जागा दिली, त्याच्या गुरूच्या चेलोला दिली, आवडता टँगो वाजवणाऱ्या मित्राच्या पियानोला दिली. त्या दुपारच्या आपल्या स्वतःच्या पियानोला मात्र दिली नाही.